लांब अंगणातली तंबाखू

मी निपाणीजवळच्या एका खेड्यातली, तंबाखू करणाऱ्या घरातली. २०२३ साली इंडोनेशियन सरकारच्या दार्मासिस्वा शिष्यवृत्तीवर भाषा शिकायला जावा बेटावरच्या सुराबाया शहरात होते. खोलीतली मैत्रीण मादुरा बेटावरची, सुमेनेप जिल्ह्यातल्या डोंगराळ भागातली. तिच्या घरीही तंबाखूच. अभ्यासक्रम संपत आला तेव्हा ती म्हणाली, "ऑगस्टमध्ये आमच्याकडे पानं खुडायला सुरुवात होते. येतेस? पण पाहुणी म्हणून बसवून ठेवणार नाही हं, कामाला लावू." मी परतीचं तिकीट पुढे ढकललं.

सुराबायातल्या काही ओळखीच्यांनी मला जपून राहायला सांगितलं. मादुरी माणूस तापट, अपमान झाला की कोयता उपसणारा, अशी त्यांची शहरात ख्याती आहे. मला ती अन्यायाची वाटते. त्याच शहरात साते, म्हणजे काडीला लावलेले मांसाचे तुकडे भाजणारे, भंगार गोळा करणारे, चोवीस तास किराणा दुकान उघडं ठेवणारे बहुतेक मादुरीच असतात, आणि बेटावरची जमीन पोट भरायला पुरत नाही म्हणून ते तिथे येतात. ती जमीन बघितल्याशिवाय त्यांच्याबद्दल बोलू नये असं मला तेव्हाही वाटत होतं.

बस जावा आणि मादुरा जोडणाऱ्या सुरामादू पुलावरून गेली. ५,४३८ मीटरचा हा पूल २००९ साली सुरू झाला. त्याआधी उजुंग ते कामाल फेरीबोट हाच मुख्य मार्ग होता. बेट पूर्व-पश्चिम लांबट, साधारण १६० किलोमीटरचं. बांकालान, साम्पांग, पामेकासन आणि पूर्व टोकाला सुमेनेप असे त्याचे चार जिल्हे. साम्पांगच्या पुढे रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो आणि मध्येमध्ये मिठागरं लागतात. पेण-उरणकडची मिठागरं पाहिलेल्या माणसाला ती लगेच ओळखू येतील: तेच बांध, तेच उथळ कप्पे, तेच पांढरे ढीग. फरक महिन्याचा. आपल्याकडे ऑगस्टात मिठागर पाण्याखाली असतं, इथे तो मीठ पिकायचा ऐन मोसम. पाऊस नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, आणि आपल्या पावसाळ्याच्या महिन्यांत इथलं आभाळ कोरडं ठणठणीत. मीठ आणि तंबाखू ही दोन्ही त्याच कोरड्या आभाळाची पिकं आहेत.

पामेकासन मागे पडल्यावर आम्ही गुलुक-गुलुकच्या बाजूला वळलो. तिथे अन्नुकाया हे १८८७ साली स्थापन झालेलं पेसांत्रेन आहे, म्हणजे धर्मशिक्षणाची निवासी शाळा. लुंगी नेसलेली, काळ्या टोप्या घातलेली मुलं रस्त्याच्या कडेने घोळक्याने चालली होती. त्यापुढे चुनखडीचे बुटके डोंगर लागले. माती लालसर आणि इतकी पातळ की कुदळ मारली की दगडाला लागते. ताडाची झाडं, बांबूची बेटं, कुंपणाला शेवगा. सगळं धुळीने माखलेलं, पिवळं पडलेलं. त्यात हिरवी होती ती फक्त तंबाखू.

इथे गाव म्हणजे एकमेकांना चिकटलेली घरं नव्हेत. शेतांमधून अंगणं विखुरलेली असतात आणि एकेक अंगण एकेका कुटुंबाचं. त्याला तानेआन लांजांग म्हणतात, लांब अंगण. उत्तरेच्या अंगाला घरं एका ओळीत, सगळ्यांची तोंडं दक्षिणेला. ओळीच्या पश्चिम टोकाला लांगार, म्हणजे घरच्यांची नमाजाची छोटी जागा. समोरच्या बाजूला चुली आणि गोठा. मध्ये झाडून-झाडून दगडासारखं कडक झालेलं मातीचं अंगण. लांगारच्या शेजारचं घर सर्वांत जुनं, आजीचं. त्याच्या पूर्वेला तिच्या थोरल्या मुलीचं, मग मधलीचं, मग धाकटीचं. मुलगी लग्न झालं म्हणून अंगण सोडत नाही. जावई तिच्याकडे राहायला येतो, आणि घरातले मुलगे आपापल्या बायकांच्या अंगणात जातात.

मैत्रीण मला ओळीच्या पूर्वेकडच्या टोकाला घेऊन गेली. तिथे केळीच्या बुंध्यांपाशी चुनखडीच्या चिऱ्यांचा ढीग रचून ठेवला होता. "हे माझं घर," ती म्हणाली. तिचं लग्न ठरलेलं नव्हतं, मुलगा कोण तेही माहीत नव्हतं, पण घराची जागा ठरलेली होती आणि चिरे येऊन पडले होते. मी त्या ढिगावर बसले आणि मला माझी आई आठवली. आमच्याकडे जात्यावरच्या निम्म्या ओव्या माहेर सुटल्याच्या. आईला तिच्या बहिणी भेटायच्या त्या लग्नात नाहीतर मयताला. इथे तीन बहिणी जन्मल्या त्याच अंगणात म्हाताऱ्या होणार होत्या. त्याचा परिणाम त्यांच्या हातांत दिसतो. कोण काय उचलणार, कोण कुठे बसणार हे त्यांना बोलावं लागत नाही. तंबाखूच्या रात्री मला हे नीट कळलं.

आजीला सगळे एंबा म्हणायचे, मैत्रिणीच्या आईला एबू, वडिलांना एप्पा. मीही तेच म्हणू लागले. एंबा मला 'बिंग' म्हणायची, तिथे पोरीला अशी हाक मारतात. तिला मादुरीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती आणि मला इंडोनेशियन येत होती, त्यामुळे आमचं बोलणं मैत्रिणीमार्फत किंवा हातवाऱ्यांनी चाले. माझं जेवण झालं की नाही एवढं विचारायला तिला कोणाची मदत लागत नसे. जेवायला मक्याचा भात, म्हणजे जाडसर भरडलेला मका आणि थोडा तांदूळ एकत्र वाफवलेला. सोबत शेवग्याच्या पाल्याची पातळ आमटी, खारवलेली मासळी आणि ठेचलेल्या मिरच्या. शेवग्याचा पाला आमच्याकडेही खातात, पण आम्ही भाजी परततो. इथे तो उकळत्या पाण्यात शेवटी टाकून लगेच उतरवतात. दुपारच्या उन्हातून आल्यावर ती आमटी मला इतकी बरी वाटायची की मी भाताआधी वाटीभर पिऊन घ्यायचे.

मी गेले तेव्हा लागणीचे कष्ट सरले होते, पण एप्पांनी ते सगळं मला शेतात फिरवून समजावून सांगितलं. पावसाळ्यात याच रानात मका. तो निघाला की मे महिन्यात तंबाखूचं तरू वाफ्यात टाकायचं आणि मे-जूनमध्ये सरीवर लावायचं. पाऊस थांबलेला असतो, त्यामुळे प्रत्येक रोपाला हाताने पाणी घालावं लागतं. शेताच्या कडेला खोदलेल्या विहिरीतून कावडीने पाणी आणायचं, झारीच्या तोंडाने रोपाच्या बुडाशी सोडायचं, सकाळ आणि संध्याकाळ. एप्पांच्या उजव्या खांद्यावर कावडीच्या दांड्याने घट्टा पडला आहे, लहान लिंबाएवढा. त्यांनी सदरा सरकवून दाखवला. मी त्यावर बोट ठेवलं तर तो हाडासारखा लागला. पुढे झाड फुलावर आलं की शेंडा खुडायचा, बगलेतले फुटवे काढत राहायचे, म्हणजे जोर पानात उतरतो. हे आमच्यासारखंच.

बियाणं प्रांचाक ९५. प्रांचाक हे त्याच जिल्ह्यातलं एक गाव आणि तिथल्या जुन्या वाणातून मलंगच्या संशोधन केंद्राने हा वाण निवडून काढला. मादुरात तंबाखूची प्रत आधी जमिनीवरून ठरते: डोंगराची, माळाची आणि भातखाचराची. डोंगराच्या तंबाखूला पान लहान आणि उतारा कमी, पण वास सर्वांत चांगला, म्हणून भाव सर्वांत जास्त. ही तंबाखू लवंग घातलेल्या क्रेटेक सिगारेटीत वासासाठी मिसळतात. १९७० नंतर क्रेटेकचे कारखाने वाढले तसा मादुरात तंबाखूचा पेराही वाढला. पातळ मातीच्या या डोंगरावर कोरड्या मोसमात दुसरं कुठलंच पीक एवढा पैसा देत नाही. तंबाखू वाईट आहे, ती पिकवू नये, असं सांगणाऱ्यांना मी निपाणीतही भेटले आहे. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण या रानात दुसरं काय लावावं हे त्यांच्यापैकी कोणी मला सांगितलेलं नाही.

आमच्याकडे विडीची तंबाखू झाडासकट कापून रानातच उन्हात वाळवतात आणि मग तिचा चुरा करतात. मादुरात झाड उभंच ठेवतात. तळापासून वर, थोडी थोडी पानं पिकतील तशी खुडतात. खुडलेली पानं घरात सावलीला, देठ खाली आणि शेंडा वर अशी खेटून उभी करतात आणि दोन-तीन रात्री झाकून ठेवतात. आतल्या उबेने हिरवा रंग उतरून पान पिवळं होतं. एबू दिवसातून तीन-चारदा आवरण उचलून ढिगाच्या पोटात हात घालायची. कमी पिकलं तर तंबाखू हिरवट राहते आणि घशाला लागते, जास्त झालं तर पान काळवंडून कुजतं. कधी थांबायचं हे तिच्या तळहाताला कळायचं. त्या संध्याकाळी हात बाहेर काढून तिने पुसला आणि एप्पांना म्हणाली, "आज रात्री."

एवढं म्हटल्यावर बातमी आपोआप गेली असावी. बारा वाजून गेले आणि आजूबाजूच्या अंगणांतून बॅटरीचे उजेड येऊ लागले. बायका, पुरुष, अर्धवट झोपेतली मुलं. कोणाला मजुरी द्यायची नव्हती. आज यांच्याकडे, परवा त्यांच्याकडे, अशी हातांची परतफेड असते आणि कोणाकडे किती रात्री झाल्या हे बायका तोंडपाठ सांगतात. पैसे फक्त चिरणाऱ्याला, कारण ती कसबाची गोष्ट. अंगणात तारेवर दिवे लटकवले. काहींकडे आता मोटरवर चालणारं चिरायचं यंत्र आलं आहे, पण या अंगणात अजून हातानेच चिरतात.

काम अर्ध्या रात्री सुरू करण्यामागे हिशोब असतो. चिरलेली तंबाखू सूर्य उगवायच्या आत पसरून झाली पाहिजे, म्हणजे तिला पूर्ण दिवसाचं ऊन मिळतं आणि ती एका दिवसात वाळते. एका दिवसात वाळली तर रंग टिकतो. दुसऱ्या दिवसावर गेली की रंग मरतो, आणि रंगाबरोबर भाव.

लांगारच्या पायरीपाशी पुरुष पानांच्या वळ्या करत होते. वीस-पंचवीस पानं एकावर एक ठेवून, मनगटाएवढी जाड, घट्ट गुंडाळी. चिरणाऱ्याची लाकडी घोडी अंगणाच्या मध्ये. तिच्या उभ्या फळीला गोल भोक असतं. डाव्या हाताने गुंडाळी त्या भोकातून पुढे सारायची आणि उजव्या हातातली रुंद, जड सुरी फळीला घासून खाली आणायची. दर घावाला पानाचा एक पातळ काप पडतो, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, आणि खाली पडताना सुटून त्याच्या कुरळ्या तारा होतात. चिरणारा सुरीकडे बघत नव्हता. त्याचं लक्ष डाव्या हाताच्या अंगठ्यावर होतं, कारण किती सारायचं ते अंगठा ठरवतो. थोड्या थोड्या वेळाने त्याचा मुलगा दुसरी सुरी पाजळून त्याच्या हातात द्यायचा, आणि तो लय न मोडता सुरी बदलायचा. तास गेले तरी कापांची जाडी बदलली नाही. मी मुद्दाम सुरुवातीचा आणि शेवटचा काप दिव्यापाशी धरून पाहिला.

बायकांचं काम बिडिकवर पसरायचं. बिडिक म्हणजे बांबूच्या कामट्यांची लांब जाळीदार चटई. तिच्यावर तंबाखूच्या तारा एकसारख्या, एकाच दिशेला, पातळ थरात लावायच्या. भसाभस पसरून चालत नाही. थर जाड झाला तर मधला भाग ओला राहतो आणि पातळ झाला तर उचलताना तुटतो. मधल्या मावशीने मला शेजारी बसवलं. तिची बोटं मूठभर तारा उचलून हवेत किंचित झटकायची, गुंता सुटायचा, आणि तारा कामट्यांवर पडायच्या त्या विंचरलेल्या केसांसारख्या. मी लावलेला पहिला थर तिने न बोलता पुन्हा उचलला आणि सारखा केला. दुसऱ्यालाही हात लावला. नंतर तिने माझ्या बिडिककडे बघितलं आणि पुढच्याकडे वळली, तेव्हा मला फार आनंद झाला.

कुणाच्या तरी फोनवर सलावत, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगीत, लागलं होतं, कॉफीचे पेले फिरत होते, उकडलेला कसावा आणि मका मध्ये ठेवला होता. बायकांच्या गप्पा अखंड. कोणाची मुलगी मलेशियात कामाला गेली, कोणाचा नवरा जकार्तात दुकान चालवतो, कोणाकडे टेल्लासानला, म्हणजे ईदला, कोण कोण आलं होतं. ईद-अल-अधाला बेटाबाहेरची सगळी मादुरी माणसं घरी परततात. त्यांच्या दृष्टीने तो वर्षातला मोठा सण, आणि बाहेर कितीही वर्षं काढली तरी या अंगणाची हजेरी चुकवणं लाजिरवाणं समजतात.

पानाचा चीक हाताला चिकटून काळा पडतो आणि साबणाला दाद देत नाही. पहाटेकडे मैत्रिणीची लहान मावसबहीण, नऊ-दहा वर्षांची असेल, एकदम पांढरी पडली आणि गोठ्यापाशी जाऊन ओकली. आमच्याकडे याला तंबाखू लागली म्हणतात. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात शिरतं आणि चक्कर येते. तिला गूळपाणी देऊन निजवलं. एबू मैत्रिणीला म्हणाली की लहान मुलांना ओल्या पानात बसवायला नको, आणि पुढच्या रात्री तिने खरंच लहानांना वळ्या मोजायला ठेवलं, पानाला हात लावू दिला नाही. हे प्रत्येक अंगणात व्हायला हवं. निपाणीतही व्हायला हवं. मी स्वतः आठ वर्षांची असताना अशीच ओकले होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर होते.

फजरची अजान झाली. पुरुष पाळीपाळीने लांगारमध्ये जाऊन आले, बायका आपापल्या घरात. मग सगळ्यांनी बिडिक खांद्यावर घेऊन शेजारच्या मोकळ्या रानात नेऊन मांडले. उजाडलं तेव्हा सगळा उतार तंबाखूने झाकला होता. ओली तार हिरवट-पिवळी दिसते; दहाच्या उन्हात ती केशरी होऊ लागते. दुपारी तंबाखू उलटायची. भरलेल्या बिडिकवर रिकामा बिडिक पालथा ठेवून दोघांनी दोन टोकं धरायची आणि एका झटक्यात उलटायचं. थर जसाच्या तसा दुसऱ्यावर येतो. मी आणि मैत्रीण ही जोडी त्यात तरबेज झालो.

त्या दिवसभर कोणी बोलताना पूर्ण लक्ष देत नाही. सगळ्यांची नजर आभाळाकडे. ढग कुठून येतो, किती दाट आहे, वारा कुठला. एप्पा २०१६ सालाबद्दल बोलले. त्या वर्षी कोरड्या मोसमातही पाऊस येत राहिला. रोपं पाण्याने पिवळी पडली, जी वाचली त्यांची चिरलेली तंबाखू बिडिकवरच काळी झाली. त्यांनी ती गोठ्यात टाकली. पुढच्या लागणीसाठी एबूच्या कानातलं सोनं मोडावं लागलं. २०२३ साली आभाळाने साथ दिली. पाऊस पूर्ण दडी मारून बसला होता. तिकडे मिठागरवालेही खूश असणार असं एप्पा म्हणाले. डोंगरातल्या विहिरी मात्र तळाला गेल्या होत्या आणि आंघोळीला दोन तांबे पाणी मिळे. इथे पाऊस आला तर पीक जातं आणि नाही आला तर प्यायला पाणी नसतं, आणि तरीही ऑगस्टभर सगळं गाव पाऊस येऊ नये म्हणून दुवा करतं.

संध्याकाळी वाळलेली तंबाखू इतकी कडक होते की हात लावला तर चुरा होईल. म्हणून ती रात्री तशीच बाहेर ठेवतात. पहाटेच्या दवाने तार पुन्हा मऊ पडते. ही वेळ थोडकी असते. सूर्य वर यायच्या आत सगळ्यांनी धावत जाऊन थर सोडवायचा, घडी घालायची आणि घरात आणायचं. दव पडलेल्या तंबाखूचा वास मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. गोड, थोडा सुक्या गवतासारखा, खाली कुठेतरी मधाची छटा. आमच्या तंबाखूच्या वासाने शिंका येतात. हिचा वास मी ओंजळीत घेऊन पुन्हा पुन्हा घेत राहिले. डोंगराच्या तंबाखूला भाव का मिळतो ते मला तेव्हा कळलं.

घड्या ताडाच्या पातींच्या चटईत बांधतात. ताड तोच, ज्याचे ताडगोळे आपण उन्हाळ्यात खातो. इथे सकाळ-संध्याकाळ त्याचा रस उतरवून गूळ करतात, आणि पातींच्या चटया विणतात. एंबाचे डोळे आता अधू झाले आहेत, तरी ती दिवसभर ओसरीवर बसून चटया विणायची. घरच्या तंबाखूपुरत्या बहुतेक चटया तिच्याच हातच्या. एका चटईत चाळीस-पन्नास किलोचा गठ्ठा बांधला जातो.

मग विक्री. इथवर मी शिकत होते. यापुढे मला कोणी शिकवायची गरज पडली नाही.

आधी अंगणात बांदोल येतो, म्हणजे गावपातळीवरचा मध्यस्थ. मोटारसायकलवर आला, लांगारमध्ये बसला, कॉफी प्याला. मग गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालून मधली मूठ बाहेर काढली. उन्हात धरून रंग बघितला, मुठीत दाबून सोडली आणि ती किती वेगाने उमलते ते बघितलं, शेवटी नाकाशी धरली. सगळं मिळून मिनिटभर. मे महिन्यापासूनचं काम त्या मिनिटात तोललं गेलं. एप्पांनी भाव सांगितला नाही, बांदोलने सांगितला. थोडी घासाघीस झाली. जिल्हा प्रशासन दरवर्षी डोंगर, माळ आणि खाचर अशा तिन्ही तंबाखूंचा उत्पादनखर्च काढून जाहीर करतं, आणि निदान तेवढा भाव मिळावा अशी अपेक्षा असते. पण तेवढ्याला घेतलंच पाहिजे असं बंधन खरेदीदारावर नाही.

त्या वर्षी बाजार चढा होता, म्हणून एप्पांनी ठरवलं की बांदोलबरोबर स्वतः वखारीपर्यंत जायचं. मी आणि मैत्रीण हट्टाने बरोबर गेलो. कोणत्या कंपनीची वखार ते मी लिहीत नाही. फाटकाबाहेर ट्रकांची रांग होती. आत खरेदीदार एका गठ्ठ्यापाशी थांबायचा, मूठ काढायचा, वास घ्यायचा, कागदावर एक आकडा लिहायचा आणि पुढे जायचा. मालक समोर उभा असला तरी त्याला काही विचारत नव्हते. काढलेली मूठ गठ्ठ्यात परत जात नव्हती. ती बाजूच्या टोपलीत जायची. एका गठ्ठ्यातून अशा कितीतरी मुठी गेल्या. वानगी म्हणून घेतलेल्या या तंबाखूचे पैसे मिळत नाहीत. पामेकासन जिल्ह्यात वानगी एक किलोपेक्षा जास्त घेऊ नये असा नियम केलेला आहे, आणि त्यावरून शेतकऱ्यांची आंदोलनंही झाली आहेत. मग वजन. वजनातून चटईची तूट कापली. एंबाची चटई हलकी, पातळ विणीची. कापलं तिच्या खऱ्या वजनापेक्षा बरंच जास्त. सरसकट सगळ्यांचं तेवढंच कापतात, असं उत्तर मिळालं.

मला त्या फाटकात उभं राहून निपाणीच्या वखारी दिसत होत्या. माझे वडील सांगत: व्यापारी माल उचलायचा, भाव नंतर सांगायचा, घट आणि सूट कापायचा, आणि पैसे कधी देईल ते त्याच्या मर्जीवर. त्याविरुद्ध १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीचे तंबाखू शेतकरी महामार्गावर बसले. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शेतकरी मारले गेले. आमच्या घरात ती नावं अजून घेतली जातात. परतीच्या ट्रकमध्ये मी हे एप्पांना सांगितलं. माझं इंडोनेशियन तुटक, पण मैत्रिणीने मादुरीत भर घातली. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. त्यानंतर भाव वाढला का? आणि ज्यांची माणसं गेली त्यांच्या शेतात त्या वर्षी काम कोणी केलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती हकिकत ऐकत आले, पण हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. भारतात परतल्यावर मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, भावकीने केलं.

त्या खेपेला किलोला ६८ हजार रुपिया मिळाले, म्हणजे आपले पावणेचारशेच्या आसपास. गेल्या काही वर्षांच्या मानाने उत्तम भाव. घरी आल्यावर एप्पांनी सगळी रक्कम एबूच्या हातात दिली आणि ती ओसरीवर बसून वाटे करू लागली. खताच्या दुकानाची उधारी, चिरणाऱ्याची मजुरी, बिडिकसाठी नवे बांबू, धाकट्या मुलाची पेसांत्रेनची फी. एक वाटा एंबापुढे ठेवला, चटयांचा. एंबाने तो परत सरकवला, एबूने पुन्हा पुढे केला, असं दोन-तीनदा झालं आणि शेवटी एंबाने लुगड्याच्या गाठीत बांधला. उरलेल्यातून मैत्रिणीच्या घराच्या पायासाठी सिमेंट घ्यायचं की गोठ्यातल्या तांबूस गाईला जोडी आणायची यावर बरीच चर्चा झाली. मादुरात गाय ही नुसती नांगराला नसते. बैलांच्या शर्यतींचा, कारापान सापीचा मोसमही तंबाखूनंतरच येतो, आणि घरात चांगली जनावरं असणं याला फार मान आहे. शेवटी गाय थांबली, सिमेंट आलं.

दुसऱ्या रात्री आम्ही सगळे खालच्या अंगणात चिरायला गेलो, कारण त्यांचे हात आमच्याकडे येऊन गेले होते. आमच्या शेतात अजून वरची पानं शिल्लक होती. वासाला आणि भावाला हीच पानं सर्वांत चांगली, पण ती पिकायला आणखी दोन आठवडे हवे होते. वखारी आपला कोटा भरला की खरेदी बंद करतात आणि तो दिवस आधी कोणाला सांगत नाहीत. एप्पा रोज संध्याकाळी बांदोलला फोन करून वखार चालू आहे ना एवढंच विचारायचे, आणि मी निघाले तेव्हा ती चालू होती.